ट्रान्सपोर्टात फुटलेले जुन्या गाडीचे पार्ट: दावा कसा उभा करायचा

प्रश्न थोडक्यात असा. कुडाळजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी वडिलांची 1966 सालची ॲम्बॅसेडर मार्क टू दुरुस्तीला काढली आहे. कोलकात्याच्या मलिक बाजारातून त्यांनी सिलिंडर हेड, पुढची चौकड्यांची जाळी आणि डाव्या बाजूचा मडगार्ड असा माल एका लाकडी पेटीतून मागवला. विक्रेत्याला यूपीआयने 58,000 रुपये दिले. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या बुकिंग पावतीवर, मात्र त्याने किंमत 20,000 लिहिली. भाडं 1,900, टू पे, म्हणजे माल घेताना द्यायचं. बुकिंग 12 जूनचं. माल कोल्हापूरला दुसऱ्या गाडीत चढला आणि जूनच्या अखेरीस कुडाळच्या गोडाऊनला आला. पेटीचा एक कोपरा फुटलेला होता, पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि क्लार्क म्हणाला, "घरी नेऊन बघा ओ, सही करा." त्यांनी सही केली. घरी पेटी उघडली तर हेडवर थर्मोस्टॅट बसतो तिथला कान तुटलेला आणि मडगार्ड कडेला दबलेला. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा अंदाज 26,000 दिला आहे. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, बिल्टीवर ओनर्स रिस्क (जोखीम मालकाची) छापलंय, सही स्वच्छ आहे, माल जुना होता. आता जुलै चालू आहे. पैसे मिळतील का?

दावा अजून जिवंत आहे. पण 26,000 पुरे हातात पडतील, अशी आशा धरू नका. कारण पुढे येईलच. त्याआधी आजच्या आज करायची कामं सांगतो, कारण वेळ गेली की ती करता येत नाहीत.

पेटी कुठे आहे? आपल्याकडे पावसाळ्यात अशा फळ्या आंघोळीच्या बंबाखाली जायला वेळ लागत नाही. तसं झालं नसेल तर ती पेटी, खिळे, आतला कागद, थर्माकोल, सगळं एका जागी झाकून ठेवा. वाहतुकीतलं नुकसान पाहायला जातो तेव्हा मी पार्टआधी पेटी बघतो. फळी कुठून मोडली, तिच्या चिरफाळ्या आत वळल्यात की बाहेर, त्या जागेसमोर आत कोणता पार्ट होता, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. कोपऱ्याची फळी आत घुसलेली असेल आणि मडगार्डचा पोचा नेमका त्याच उंचीवर, त्याच बाजूला असेल, तर घाव बाहेरून बसला हे सांगायला साक्षीदार लागत नाही. फळीच्या आतल्या अंगाला मडगार्डच्या रंगाचा किंवा प्रायमरचा ओरखडा सापडला तर त्याचा जवळून फोटो घ्या आणि त्याच फोटोत मोजपट्टी ठेवा. उलट फळ्या सगळ्या धड आणि आतला जड पार्ट मोकळा फिरून शेजारच्यावर आपटलेला असेल, तर बोट पॅकिंगकडे, म्हणजे विक्रेत्याकडे जातं. कोणावर दावा लावायचा हे बऱ्याचदा इथेच ठरतं. म्हणून पेटी फेकणं म्हणजे अर्धी केस फेकणं.

दुसरी गोष्ट हेडच्या तुटलेल्या जागेची, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची. "माल जुनाच होता, आधीच तुटलेला असेल" हा बचाव नव्या मालाला चालत नाही, जुन्याला चालतो. त्याचं उत्तर त्या तुटलेल्या तोंडावरच असतं. मार्क टूचं हेड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. बीड ताजं तुटलं की तोंड करडं, दाणेदार आणि चकाकतं दिसतं. जुनी मोड काळपट असते. तिच्या दाण्यांत तेल, काजळी किंवा तांबूस गंज खोल बसलेला असतो आणि कडा घासून बोथट झालेल्या असतात. पण हा पुरावा कोकणात टिकत नाही. जुलैच्या हवेत उघडं बीड रात्रभरात तांबूस पडतं, आठवड्यात ते चार वर्षं जुनं असल्यासारखं दिसायला लागतं. मग ट्रान्सपोर्टचा माणूस येतो, गंज दाखवतो आणि म्हणतो, बघा. त्यामुळे तोंडाचे फोटो पेटी उघडल्या दिवशीच उजेडात, दोन कोनांतून काढायला हवेत. फोटो काढून झाले की त्यावर पातळ तेलाचा हात फिरवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं. तुटलेला तुकडा पेटीतच सापडला का? सापडला असेल तर तो सोन्यासारखा जपा. तुकडा पेटीत सापडणं याचा अर्थ तो पेटीत असतानाच तुटला. विक्रेत्याने तुटलेलं हेड पाठवलं असतं तर सोबत तुकडा कशाला पाठवला असता?

तुम्ही फोटो पेटी उघडल्याच्या दिवशीच काढले असतील तर ते मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत तारीख-वेळेची माहिती उरत नाही. विक्रेत्याकडून माल पाठवण्याआधीचे फोटो मागवा. मलिक बाजारातले दुकानदार विक्रीआधी फोटो पाठवतातच. त्या फोटोत थर्मोस्टॅटचा कान शाबूत दिसला की "आधीच तुटलेलं" हा मुद्दा संपला. मडगार्डचंही तसंच. ताज्या पोच्यात रंगाचा पापुद्रा उडून खाली उजळ पत्रा दिसतो, जुन्या पोच्यात पुट्टी किंवा गंज असतो.

आणि एक विनंती. पाहणी होईपर्यंत हेड वेल्डिंगला देऊ नका, मडगार्ड डेंटिंगला देऊ नका. ट्रान्सपोर्टवाल्याला पाहणीसाठी सात दिवसांची लेखी मुदत द्या. तो आला नाही तर दुसऱ्या एखाद्या जाणत्या गॅरेजवाल्याकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून लेखी पाहणी करून घ्या आणि मग खुशाल काम सुरू करा. कायद्याने तुम्हाला गाडी वर्षभर विटांवर उभी ठेवायला सांगितलेलं नाही.

आता ओनर्स रिस्क. रस्त्यावरच्या मालवाहतुकीला कॅरेज बाय रोड ॲक्ट, 2007 लागू आहे. तो 1 मार्च 2011 पासून अमलात आला, त्याआधी 1865 चा कॅरियर्स ॲक्ट होता. जुन्या काय आणि नव्या काय, दोन्ही कायद्यांचा कणा एकच आहे. माल खराब झाला तर ट्रान्सपोर्टवाल्याची हलगर्जी झाली हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. हलगर्जी झाली नाही हे त्याने दाखवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली जुन्या कायद्याखालच्या दोन निकालांत हे स्पष्ट केलं. एक म्हणजे पावतीवर ओनर्स रिस्क लिहिलं म्हणून वाहतूकदार आपल्या किंवा आपल्या माणसांच्या हलगर्जीतून सुटत नाही, आणि दुसरं म्हणजे सिद्ध करण्याचा हा नियम ग्राहक न्यायालयांतही चालतो. तेव्हा क्लार्कने बोट ठेवलेली ती छापील ओळ वाचून घरी परतायचं कारण नाही.

मात्र कायद्याने एका हाताने दिलं तसं दुसऱ्या हाताने मर्यादितही केलं आहे, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. 2011 च्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते आणि तीही बुकिंगच्या कागदावर जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. तुमचं भाडं 1,900, म्हणजे दहापट 19,000. जाहीर किंमत 20,000. तेव्हा तुमची कमाल मर्यादा 19,000. 58,000 जाहीर केले असते तरी ती 19,000 च राहिली असती. ती वर न्यायची असेल तर बुक करतानाच जादा जोखमीचा दर लेखी ठरवून भरावा लागतो. नुसती खरी किंमत लिहिणं पुरत नाही आणि खरी किंमत न लिहिता जादा दर भरणंही पुरत नाही. दोन्ही हवं. हे बुकिंग काउंटरवर कोणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

किंमत कमी लिहिण्याची सवय कुठून येते तेही सांगतो, कारण तुमच्या विक्रेत्याने तेच केलं. आंतरराज्य माल 50,000 च्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक-परवाना लागतो. मग 58,000 चा माल 20,000 चा होतो आणि सगळ्यांचं काम सोपं होतं. माल नीट पोचला तर कोणाला काही कळत नाही. फुटला की तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जातो. तुमच्या नोटिशीत खरी रक्कम आणि कागदावरची रक्कम यातला फरक लपवू नका. मागणी दुरुस्तीच्या अंदाजावर, म्हणजे 26,000 वर आधारा. यूपीआयचा पुरावा जोडा आणि भाडं परत मागा. ट्रान्सपोर्टवाला 19,000 च्या मर्यादेवर येईल, तिथून बोलणी सुरू होतील. मर्यादेच्या वरचं उरलेलं तुम्ही विक्रेत्याशी बोलू शकता, विशेषतः किंमत कमी लिहायचा निर्णय त्याचा असेल तर.

तारीख मात्र चुकवू नका. कॅरेज बाय रोड ॲक्टचं कलम 16 सांगतं की बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस पोचली नाही तर दावा चालतच नाही. लक्षात घ्या, मोजणी बुकिंगपासून होते, माल हातात पडल्यापासून नाही. 12 जूनपासून मोजलं तर 9 डिसेंबरला मुदत संपते. ऐकायला भरपूर वाटते. पण आपल्याकडे "पाऊस ओसरू दे", "गणपती होऊ देत", "दिवाळीनंतर बघू" असं करत नोव्हेंबर उजाडतो आणि मग शिमग्याच्या आधी कोणीतरी कागद घेऊन माझ्याकडे येतं. तेव्हा सांगावं लागतं की मुदत गेली. नोटीस म्हणजे वकिलाचंच पत्र पाहिजे असं नाही. साध्या कागदावर बिल्टीचा नंबर, बुकिंगची आणि डिलिव्हरीची तारीख, काय तुटलं, किती खर्च, किती रकमेची मागणी, किती दिवसांत उत्तर हवं, एवढं लिहा. ट्रान्सपोर्टच्या मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर आणि कुडाळच्या शाखेवर, दोन्हीकडे पोच पावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि त्याची प्रत ईमेलनेही टाका. फोनवर झालेलं बोलणं नोटीस होत नाही. क्लार्कने "हो हो, वर कळवलंय" म्हटलं तरी होत नाही.

नोटिशीवर विक्रेत्याचीही सही घ्या, किंवा त्याच्याकडून दाव्याचा अधिकार देणारं पत्र घ्या. बिल्टीवर माल पाठवणारा तो आहे आणि कायद्याने वाहतूकदार मुळात पाठवणाऱ्याला जबाबदार आहे. भाडं तुम्ही भरलं, त्याची पावती तुमच्या नावाची आहे, ही तुमची जमेची बाजू. पण कागदावर त्याचं नाव असताना त्याला बाजूला ठेवून पुढे गेलात तर समोरचा पहिली हरकत हीच घेईल.

कोल्हापूरला माल दुसऱ्या गाडीत चढला, ही भानगड कोकणातल्या बहुतेक मालाच्या वाट्याला येते. कोलकाता किंवा दिल्लीहून मोठी गाडी थेट कुडाळ, सावंतवाडी, देवगडला येत नाही. ती कळंबोलीला किंवा कोल्हापूरला रिकामी होते. कोल्हापूरहून स्थानिक गाडी फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटाने खाली उतरते. रत्नागिरीचा माल आंबा घाटाने, चिपळूणचा कुंभार्लीने. प्रत्येक चढ-उतारात पेटी हमालाच्या पाठीवरून जाते आणि नुकसान बहुधा रस्त्यावर होत नाही, फळीवरून ओढताना किंवा गाडीच्या पाठीवरून सोडताना होतं. मग पहिला म्हणतो आमच्याकडून नीट गेलं, दुसरा म्हणतो आमच्याकडे असंच आलं. तुम्ही त्या भांडणात पडू नका. ज्याने बिल्टी फाडली तो तुम्हाला उत्तरदायी. त्याचं आणि कोल्हापूरवाल्याचं काय ते त्यांनी बघून घ्यावं. फक्त नोटिशीत कोल्हापूरच्या चढ-उताराच्या मेमोची प्रत मागा. त्यावर "पेटी फुटलेली" असा शेरा असेल तर काम सोपं झालं.

आता तुमच्या त्या सहीबद्दल. स्वच्छ सही तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे, पण शेवटचा शब्द नाही. बंद पेटीवर केलेली सही पेटी मिळाल्याची असते, आतला पार्ट शाबूत असल्याची नाही. तुम्ही डिलिव्हरीनंतर लवकरात लवकर लेखी कळवलं असेल, अगदी शाखेच्या नंबरवर व्हॉट्सॲप मेसेज केला असेल, तरी तो स्क्रीनशॉट कामाचा. पॅकिंग कमकुवत होतं असं ते म्हणतील, तर तुमची बिल्टी नीट वाचा. बुक करताना त्यांनी तसा शेरा मारलेला नसेल तर तो शहाणपणा त्यांना नंतर सुचलेला आहे.

पुढच्या वेळी मात्र गोडाऊनच्या दारातली ती पंधरा मिनिटं सोडू नका. पेटी बाहेरून फुटलेली दिसली तर ओपन डिलिव्हरी मागायची, म्हणजे त्यांच्या माणसासमोर पेटी उघडायची. ते नाही म्हणाले तर बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहायचं: "पेटीचा उजवा कोपरा फुटलेला, आतला माल न तपासता घेतला, नुकसान आढळल्यास दावा राखून." वेळ टाकायची. शेरा मारू देत नसतील तर तिथेच उभं राहून पेटीचा आणि बिल्टीचा एकत्र फोटो काढून त्यांच्या ईमेलवर पाठवायचा. माल नाकारून निघून यायचं नाही. रागाच्या भरात बरेच जण तेच करतात. पण नोटीस देऊनही ताब्यात न घेतलेला माल मुदतीनंतर विकायचा अधिकार कायदा वाहतूकदाराला देतो आणि तोवर गोडाऊनचं भाडंही चढत राहतं. तुमची मिळायला कठीण जाळी भंगाराच्या भावात जाईल. ॲम्बॅसेडरचं उत्तरपाड्याचं उत्पादन 2014 साली थांबलं, मार्क टू तर त्याच्या कितीतरी आधी. ती जाळी पुन्हा कोणी ओतणार नाही.

नोटिशीला उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोलकात्याला जायची गरज नाही. बिल्टीवर "सर्व वाद कोलकाता न्यायालयात" असं छापलेलं असलं तरी त्याने घाबरू नका. मुदत दोन वर्षं. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. त्याआधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून बघा, छोट्या रकमेला कधीकधी तिथेच तोडगा निघतो. एक गोष्ट मात्र तपासा: गाडी वडिलांची, घरची आहे ना? गॅरेजच्या धंद्यासाठी मागवलेला माल असेल तर "व्यावसायिक हेतू" ही हरकत येते. स्वतःच्या पोटापुरता एकट्याने चालवलेला धंदा असेल तर त्यातून वाट आहे, पण ती सिद्ध करावी लागते. व्यावसायिक हेतूची हरकत टिकली तर दिवाणी न्यायालय, आणि तिथे मुदत तीन वर्षं.

नोटीस गेली की ट्रान्सपोर्टकडून बहुधा फोन येतो: भाडं परत घ्या आणि वर पाच हजार घ्या. घ्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. 19,000 च्या मर्यादेत आयोगाची ये-जा धरून मी दहा-बारा हजारांवर समाधान मानीन. फक्त "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नका.

अतिवृष्टीची ढालही सांगून ठेवतो, कारण कोकणात ती दर पावसाळ्यात पुढे येते. दैवी आपत्तीत वाहतूकदार सुटतो हे खरं. पण त्याच कलमात पुढे आहे की योग्य काळजी घेऊन नुकसान टळण्यासारखं असेल तर तो सुटत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा गोडाऊनं बुडाली. त्या पाण्याला कोणी अडवू शकलं नसतं. पण 2005 ला पाणी कुठवर आलं होतं हे ज्या गावात प्रत्येकाला माहीत आहे, तिथे जुलैत बिडाची ब्लॉकं आणि रेडिएटर जमिनीवर ठेवणं आणि वरच्या रॅकवर ठेवणं यात फरक असतो. घाट बंद पडून गाडी आठ दिवस अडकली, हेही दैवी आपत्तीत बसेल. पण त्या आठ दिवसांत ताडपत्री फाटकी होती म्हणून क्रोमवर डाग पडले, हे बसणार नाही. दाव्यात नेमकं तेच लिहायचं.

कुडाळ, कणकवली, रत्नागिरीकडे पार्सलं लक्झरी बसच्या डिकीतूनही येतात, नाहीतर रेल्वेने. बसवाल्याची पक्की पावती नसेल तर दाव्याला धरायला काही उरत नाही, त्यामुळे हेडलाइटच्या रिंगा पाठवाव्यात, काच पाठवू नये. रेल्वेची भानगड वेगळी: किंमत जाहीर करून टक्केवारी शुल्क भरलं नाही तर मालाला किलोमागे 50 रुपयांपुरतीच जबाबदारी. नऊ किलोचा मडगार्ड म्हणजे 450 रुपये. रेल्वेलाही लेखी दावा माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत द्यावा लागतो, आणि पुढचा तंटा रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे.

परदेशातून न्हावा शेवाला उतरणाऱ्या पेट्यांना मुदती आणखी छोट्या आहेत. समुद्रमार्गे आलेल्या मालाचं न दिसणारं नुकसान ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायचं, विमानाने आलेलं चौदा दिवसांत. कस्टम तपासणीत पेटी उघडली जाते आणि पुन्हा घाईने बंद होते, म्हणून यार्डातून बाहेर पडण्याआधीच एकदा बघून घ्यावी. पेटी भिजलेली असेल तर पाणी समुद्राचं की पावसाचं हे सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून बघतो. खारं पाणी असेल तर पांढरट साका येतो. त्यावरून भिजणं जहाजावरचं की यार्डातलं याचा अंदाज बांधता येतो.

विम्याबद्दल दोनच गोष्टी. बिल्टीवर एफओव्ही (फ्रेट ऑन व्हॅल्यू, मालाच्या किमतीवरचा आकार) म्हणून जी रक्कम लावतात तो विमा नव्हे. ती त्या ट्रान्सपोर्टची आपली जोखीम-आकारणी आहे, आणि तिच्याबदली नेमकं काय मिळणार हे लेखी मागा. खरा ट्रान्झिट विमा घ्यायचा तर माल निघण्याआधी आणि व्यापक जोखमीचा घ्या, नुसत्या अपघात-आगीचा नको. जुन्या पार्टांच्या पॉलिसीत गंज, ओरखडे, पोचे बहुधा वगळलेले असतात, अपुरं पॅकिंगही वगळलेलं असतं. आणि विमा असला तरी ट्रान्सपोर्टला नोटीस द्यावीच लागते. ती दिली नाही म्हणून विमा कंपनी पैसे कापू शकते.

आता पॅकिंग, कारण त्या पेटीत अजून जाळी शाबूत आहे आणि ती तुम्ही क्रोमिंगला पुन्हा कुठेतरी पाठवणारच. आपल्याकडे पॅकिंग म्हटलं की हापूसची पेटी डोळ्यासमोर येते, पेंढ्यात फळ असं बसवायचं की हलूच नये. हलू न देण्याचं तत्त्व बरोबर, पण पेंढा लोखंडाला वैरी. पावसाळ्यात पेंढा, भुसा आणि वर्तमानपत्र ओल धरतात आणि क्रोमच्या अंगावर ठिपके उठवतात. धातूला आधी तेलाचा हात, मग व्हीसीआय (गंजरोधक) कागद किंवा मेणकागद, मग फोम, आत सिलिका जेलच्या पुड्या. जाळी दोन प्लायच्या मध्ये, कडांना पट्ट्या देऊन. जस्ताच्या ओतीव पट्ट्या आणि बोधचिन्हं काढून वेगळ्या डब्यात, कारण आवळली की मोडतात. मडगार्ड पेटीत कोंबायचा नाही. त्याच्याच बोल्टच्या भोकांतून लाकडी चौकटीला टांगायचा, म्हणजे त्याच्या कडा कुठेच टेकत नाहीत. हेडच्या तोंडाला स्टडच्या भोकांतून बोल्ट घालून जाड प्लाय आवळायचा, थर्मोस्टॅटचे स्टड आधी काढून घ्यायचे. एकटं हेड वीस किलोच्या वर जातं, त्याला पत्र्याच्या पार्टांबरोबर एका पेटीत ठेवणं हाच तुमच्या विक्रेत्याचा मोठा दोष होता. आणि वजनाचं एक लक्षात ठेवा. एकट्या हमालाला अलगद उचलता येईल इतकी हलकी पेटी करा, नाहीतर खाली दोन ठोकळे मारून ट्रॉलीशिवाय हलणारच नाही इतकी जड. मधल्या वजनाची, चाळीस-पन्नास किलोची पेटी उचलवत नाही आणि सोडवतही नाही, म्हणून ती टाकली जाते.

तुमचं हेड फेकून देऊ नका. कान तुटलेलं बीड निकेल रॉडने किंवा धातूच्या टाक्यांनी जोडणारे कारागीर कोल्हापुरात आहेत. आधी डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक तडे दाखवणारा रंगीत द्रव लावून तडा पाण्याच्या वाटेपर्यंत गेलाय का ते बघून घ्या. गेला नसेल तर ते हेड चालेल. त्या तपासणीचा कागद आणि कारागिराने लिहून दिलेला खर्च नोटिशीला जोडा, म्हणजे 26,000 चा आकडा नुसता तुमच्या गॅरेजवाल्याचा अंदाज राहणार नाही. नोटीस या आठवड्यात टपालात पडू द्या. कारागीर सप्टेंबरपर्यंत थांबला तरी चालेल.